टिचकी मारा, डोकं लावा, बाहेर पडा

अहवाल एका पानाचा होता. वर कॉम्प्युटर वर्गाचं नाव, नावाखाली हसऱ्या मुलाचं चित्र आणि चित्राखाली तीन ओळी. एक, स्क्रीनला नखाने मारते. दोन, स्क्रीनवर डोके टेकवते, आपटण्याची शक्यता. तीन, पळून जाते. तळाशी शेरा: 'तिसरी व शेवटची संधी गुरुवारी. पुन्हा पळाल्यास जागा पुढील मुलास देण्यात येईल.' शिक्का, सही, तारीख.

माझी ताई तो कागद घेऊन दुकानात आली तेव्हा मी एका मशीनचं पोट उघडून बसले होते. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. कुठे शिकलात, असं लोक विचारतात. बिघडवून शिकले, असं सांगते. अजूनही निम्मी गिऱ्हाइकं आत डोकावून "मालक कुठेत?" म्हणतात. मग मी "जेवायला गेलेत, कधी येतील भरवसा नाही" असं सांगून त्यांना दारात उभं ठेवते.

"वाच," ताई म्हणाली.

वाचलं. "पळून जाते म्हणजे? तुझ्या लेकीला धड धावता तरी येतं का?"

"पहिल्यांदा व्हरांड्यात गेली. दुसऱ्यांदा थेट रस्त्यावर. वॉचमनने धरून आणलं."

"आणि डोकं आपटते?"

"माझ्यासमोर कधी नाही आपटलं." ताई स्टुलावर बसली. "सर म्हणाले, हवं तर गुरुवारी दाराला बाहेरून कडी घालू. मी हो म्हणणार आहे, धाकटे."

"कडी? वर्ग आहे का गोठा?"

"तुझं तोंड तुझ्याजवळ ठेव. मला ती जागा हवीये."

जागा का हवी, ते सांगते. ताईची मुलगी नऊ वर्षांची. बोलते, पण दिवसाला पाच-सहा शब्द, तेही नाइलाज झाला तर. शाळेत तोंडी प्रश्नाला उत्तर नाही आणि लेखी पेपर कोरा, कारण पेन हातात आलं की तिची बोटं लाकूड होतात. पण माझ्या दुकानातल्या जुन्या मशीनवर दोन वर्षांपूर्वी तिनं एका बोटानं लिहिलं, 'पंखा बंद कर. आवाज टोचतो.' ताई उभ्या उभ्या रडली. मी पंखा बंद केला आणि घाम पुसत दोघींकडे बघत बसले. तेव्हापासून तिला जे म्हणायचं ते ती टाइप करून म्हणते. शाळेचं म्हणणं, उत्तरं कॉम्प्युटरवर लिहू देऊ, पण हिला तो नीट वापरता येतो असं त्या वर्गाचं पत्र आणा. पत्र हवं तर वर्गात जागा हवी. जागा हवी तर एकदा तरी सलग चाळीस मिनिटं खुर्चीत बसून दाखवायला हवं. गुरुवार हातचा गेला की पोरगी पुढल्या वर्षीही कोरा पेपर देऊन येणार आणि लोक म्हणणार, हिला काही येतच नाही.

डॉक्टरांच्या कागदावर तिच्या नावापुढे 'स्वमग्न' असं लिहिलंय. हा शब्द ज्यानं काढला त्यानं आमची पोरगी पाहिली नसणार. ती स्वतःत कधीच मग्न नसते. ती गटाराच्या झाकणांत मग्न असते. आमच्या घरापासून दुकानापर्यंत एकतीस झाकणं आहेत आणि प्रत्येकावर ओतलेला नंबर तिला पाठ आहे. स्वतःत मग्न असलेली माणसं बघायची असतील तर आमच्या नातेवाइकांना एका खोलीत बसवा.

मी तिला तंतोतंत म्हणते, लाडानं तंतू. एकदा म्हटलं, अर्धा ग्लास पाणी आण. दहा मिनिटं झाली तरी पत्ता नाही. आत जाऊन बघते तर बाई पट्टी घेऊन ग्लासची उंची मोजतायत. सांगितलं ते आणि सांगितलं तेवढंच. नाव मी ठेवलं आणि त्याचा अर्थ सगळ्यात शेवटी मलाच कळला. माझ्या हुशारीची ही एवढीच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी वर्गात गेले. दुसरा मजला, लांबट खोली, भिंतीकडे तोंड करून बारा मशीन. वर्ग चालवणारे सर दारातच भेटले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सर वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"पालकांनी आत यायचं नाही, बाई. मुलं विचलित होतात."

"मी पालक नाही. मावशी आहे."

"तेच ते."

"सर, तुमच्या सात नंबरच्या मशीनचा पंखा घरघरतोय. जिन्यात ऐकू येतोय. त्यानं मुलं विचलित होत नाहीत का?"

सात नंबर तंतूचं होतं.

सरांनी कान दिला. "हो, आहे खरं. तुम्हाला दुरुस्त करता येतं?"

"नाही, हा पेचकस मी मिरवायला आणलाय."

आतली मॅडम फिसकन हसली. ती वर्गाची शिक्षिका, वयानं लहान, दोन हातांत बारा पोरं सांभाळणारी. तिच्यामुळे मला आत जाता आलं. मशीन उघडलं तर आत धुळीची गादी. ती काढली, पंखा बदलला. डोक्यावरची ट्यूब डोळा मारत होती, तीही बदलून घेतली. मग धडा लावून बघितला. प्रत्येक बरोबर उत्तराला यंत्रातून टाळ्यांचा असा कडकडाट की मीच दचकले. ज्या पोरीला पंख्याचा आवाज टोचतो, तिच्या कानाशी हा दंगा! मी टाळ्या बंद केल्या. धडा चार वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवला. सगळं शांत, सगळं गुळगुळीत. रोग सापडला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

रविवारी वर्ग बंद असतो. किल्ली मॅडमकडे. "गुरुवारच्या आधी एकदा बसवून बघू या," ती आपणहून म्हणाली. म्हणून मी तंतूला घेऊन गेले. खोलीत आम्ही तिघीच.

तंतू सात नंबरवर बसली. कानांवर हात नाही, डोळे मिटणं नाही. पायसुद्धा हलवत होती, म्हणजे मजेत होती. स्क्रीन उजळला. तिनं वाचलं आणि मधल्या बोटाच्या नखानं काचेवर 'टक्' करून मारलं.

"अगं, मारू नको," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की वेडी कोण, ती की मी. मॅडमनं तिचा हात माउसवर ठेवला. दोन प्रश्न झाले, दोन्ही बरोबर. तिसऱ्याला ती अडली आणि हळूच पुढे वाकून तिनं कपाळ काचेला टेकवलं. आपटलं नाही. आईच्या खांद्यावर टेकावं तसं टेकवलं, थोडं थांबली, मग मागे होऊन उत्तर दिलं. सहाव्या मिनिटाला धडा संपला. ती उठली, खुर्ची आत सरकवली आणि दाराकडे चालू लागली.

मॅडम धावली. मी तिचा हात धरला. "थांबा. बघू तरी कुठे जाते."

हे शहाणपण नव्हतं, राग होता. आजवर सगळ्यांनी तिला धरून आणलं होतं. न धरता काय होतं, हे कुणी बघितलंच नव्हतं.

तंतू जिना उतरली, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. फाटकातून बाहेर पडली. फुटपाथवर गेली आणि उभी राहिली. हात सरळ, तोंड आमच्याकडे. पळणारा माणूस फाटकाबाहेर उभा राहून मागचे लोक येतायत का, ते बघत नाही.

मी मोबाइल काढून त्यावर लिहिलं, 'बाहेर का आलीस?' आणि तिच्या हातात दिला.

तिचं बोट सावकाश फिरलं. 'कॉम्प्युटर म्हणाला. बाहेर पडा.' मग थांबली. मग पुन्हा लिहिलं, 'मी पडले नाही. आई म्हणते पडायचे नाही. पडू का?'

मी फुटपाथवरच बसले. मॅडम माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि कुणाला तरी हाणावंसं वाटत होतं. तिन्ही एकदमच.

"नको गं बाई," मी म्हटलं. "पडू नकोस. कुण्णाचं ऐकून पडू नकोस."

मग विचारलं, मागे एकदा व्हरांड्यात आणि एकदा रस्त्यावर का गेलीस? तिनं लिहिलं, 'व्हरांड्यातून परत आणले तर तेच लिहिले होते. म्हणजे अजून बाहेर.'

तिला मॅडमकडे सोपवून मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि धडा पुन्हा लावला. पहिलं पान: 'सुरू करण्यासाठी येथे टिचकी मारा.' तिसरा प्रश्न: 'अवघड आहे? जरा डोके लावा!' शेवट: 'बाहेर पडा.' अहवालातल्या तिन्ही ओळी माझ्यासमोर उभ्या होत्या. टिचकी मारा म्हटलं, तिनं मारली. डोकं लावा म्हटलं, लावलं. यंत्राचा शब्दन् शब्द पाळणारं एकच लेकरू त्या खोलीत आलं आणि त्याच्याच नावावर आपण तीन गुन्हे चढवले!

आणि मी? शनिवारी तोच धडा मी चार वेळा चालवला होता. ही तिन्ही वाक्यं माझ्या डोळ्यांखालून चार-चार वेळा गेली. मला मराठी येतं, म्हणून मला ती वाचावीच लागली नाहीत.

सोमवारी सरांच्या टेबलापुढे मी आणि मॅडम उभ्या.

"सर, एक सांगते तेवढं करा," मी म्हटलं. "नीट बसा आणि डोकं लावा."

"कशाला?"

"कशाला नाही. कशावर, असं विचारा. डोकं कशावर लावू?"

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. ऐकून ते हसले, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

"अहो बाई, एवढं तर लहान मूलही समजतं."

"तुमच्याकडे जी लहान मुलं येतात त्यांना समजत नाही, म्हणूनच येतात ना? की खालची पाटी शोभेला लावलीये? खास मुलांसाठी म्हणे! खास मुलांना उठसूट पळपुटं म्हणायचं, आणि यंत्र काय बरळतंय ते कुणी बघायचं नाही."

"हे बघा, धडे तज्ज्ञांनी बनवलेत."

"मग तज्ज्ञांना विचारा, आयुष्यात कुणाचं एक तरी वाक्य त्यांनी तंतोतंत ऐकलंय का."

सरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. तेवढ्यात मॅडम बोलली. "सर, आपला चष्मेवाला. 'मागे जा' असं आलं की खुर्चीसकट मागे सरकतो, भिंतीला टेकेपर्यंत. आपण त्याला 'हट्टी' लिहिलंय." मग हळूच म्हणाली, "मीच लिहिलंय, सर."

सर उठले, सात नंबरवर जाऊन बसले आणि धडा वाचू लागले. ओठ हलवत, शब्द शब्द, पहिलीतल्या मुलासारखे. बराच वेळ वाचत होते. उठले तेव्हा कडक इस्त्रीचा शर्ट जरा ढिला वाटला.

"बदलता येईल हे?"

"सगळी वाक्यं एका साध्या फायलीत आहेत. सत्तर-बहात्तर. मी बघून ठेवलंय."

"बदला. पण गुरुवारी परीक्षा मी घेणार. पूर्ण चाळीस मिनिटं. सूट नाही."

"सूट कुणी मागितलीये?"

मंगळवार आणि बुधवार, दुपारभर, दुकानाचं शटर अर्धं खाली. मी वाक्य वाचायचं, नवं वाक्य सुचवायचं आणि तंतूनं शेजारच्या मशीनवर निकाल द्यायचा. ताई कामावरून अर्धी सुट्टी काढून आली होती आणि स्टुलावर बसून फळांच्या फोडी करत होती.

"'टिचकी मारा'च्या जागी 'हे बटण माउसने दाब'," मी म्हटलं.

'चालेल.'

"'चित्रावर नजर टाका'."

'कुठून टाकू.'

"'चित्र बघ'?"

'चालेल.'

"'शाब्बास, तू तर वाघ आहेस!'"

तंतूनं बराच विचार केला. 'मी मुलगी आहे.'

ताईच्या हातातली सुरी खाली पडली. ताई कधी हसते हे मी विसरले होते. ती पदरात तोंड घालून हसली. "धाकटे, लिही, लिही. 'उत्तर बरोबर आहे' एवढंच लिही. वाघ नको गं बाई."

"'डोकं लावा'च्या जागी 'नीट विचार कर'?"

'नीट म्हणजे कसा.'

"बघ आता," ताई म्हणाली. "तूच सांग, नीट विचार म्हणजे कसा? तू केलायस कधी?"

शेवटी आम्ही एक नवं बटणच केलं: 'मला माहीत नाही'. वाक्य लिहिलं, 'उत्तर माहीत नसेल तर हे बटण दाब'. तंतूनं ते दहा वेळा दाबून बघितलं. इतकं सोपं, कुणालाही दुखावणारं नाही असं बटण तिला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मलाही नाही. शाळेत असताना मला ते मिळालं असतं तर मी निम्म्या छड्या वाचवल्या असत्या.

"घरात आपण हिच्याशी काय काय बोलतो गं," ताई मध्येच म्हणाली. तिचं हसणं जरा ओलं झालं होतं. "रोज म्हणते मी, माझं डोकं खाऊ नकोस."

तंतूनं लगेच टाइप केलं, 'मी कधीच खाल्ले नाही.'

"नाही गं माझ्या राणी, नाही खाल्लंस. चुकलं माझं."

'बाहेर पडा' सगळ्यात शेवटी घेतलं. प्रत्येक धड्याच्या अखेरीला तेच होतं. मी लिहिलं, 'हा धडा संपला. पुढचा धडा दिसेपर्यंत खुर्चीवर बसून राहा.' तंतूनं वाचलं आणि लिहिलं, 'छान.' चालेल नाही. छान! मी एवढी फुगले की ते वाक्य सगळ्या धड्यांना चिकटवलं आणि पुन्हा तपासलंसुद्धा नाही.

गुरुवारी दाराला कडी नव्हती. पण सरांनी वॉचमनला व्हरांड्यात उभं केलं होतं. ताई दाराच्या काचेला नाक लावून बाहेर. मी पेचकस हातात घेऊन आत, पंख्याच्या निमित्तानं. सर तंतूच्या मागे खुर्ची टाकून बसले, घड्याळ मनगटावरून काढून हातात.

पहिली दहा मिनिटं मला आठवतच नाहीत. मी श्वास मोजत होते. पहिला धडा संपला, नवं वाक्य आलं, तंतू बसून राहिली. दुसरा धडा आला. ती बसून राहिली. तिसऱ्यात तिनं 'मला माहीत नाही' दाबलं आणि खूश होऊन माझ्याकडे बघितलं. पलीकडे चष्मेवाल्याची खुर्ची आज जागची हलली नव्हती. मॅडम बोटांनी मला खुणावत होती, बघा, बघा.

एकतिसाव्या मिनिटाला इंटरनेटचा धडा आला. हा शेवटचा. 'तुला आवडणारी एक गोष्ट या चौकोनात लिही. मग शोधा हे बटण दाब.' तंतूनं लिहिलं, 'गटाराची झाकणे'.

"गटाराची?" सर पुटपुटले.

"सर, परीक्षेत बोलू नका," मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं आणि नेट गेलं. पांढरं पान आणि मधोमध एक ओळ: 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

ही ओळ आमच्या फायलीतली नव्हतीच. ती इंटरनेटची होती, आणि इंटरनेट काही माझ्या बापाचं नाही. तंतूनं कीबोर्डवरून हात काढले. खुर्ची मागे सरकली. एक पाय जमिनीला टेकला. बाहेर काचेवर ताईचा श्वास उमटला. मॅडमनं डोळे मिटून घेतले.

तंतू वळली. सगळ्यात जवळ सर होते, म्हणून त्यांच्याकडे बघून, तोंडानं, स्पष्ट बोलली.

"थोडा किती?"

सर खुर्चीत सावरून बसले. "थोडा म्हणजे... थोडाच."

"थोडा किती?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

"दोन मिनिटं," ते म्हणाले.

तंतू मान हलवून परत स्क्रीनकडे वळली. खोलीत दोन मिनिटं कुणी हललं नाही. दोन मिनिटं किती मोठी असतात, ते मला त्या दिवशी कळलं; त्यात एखाद्याचा संसार उभा राहून मोडला असता. दोन मिनिटं भरली तेव्हा सर सांगणार, त्याआधीच तिनं बटण दाबलं.

आणि झाकणंच झाकणं आली. गोल, चौकोनी, आठ कोनांची. फुलं कोरलेली, मासे कोरलेले, एकावर आख्खं जहाज. लाल रंगाचं, हिरव्या रंगाचं, एक तर झाकणावर झाकणाचंच चित्र असलेलं. कुठल्या कुठल्या गावांतली, कुणी कुणी वाकून फोटो काढलेली. म्हणजे जगात आणखीही माणसं होती जी रस्त्यात थांबून, लोकांचे धक्के खात, गटाराच्या झाकणांचे फोटो काढत होती! तंतू हसली. ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. खोल, पोटातून, पाणी भरलेल्या घागरीसारखं. चष्मेवाला उठून तिच्यामागे येऊन उभा राहिला आणि जहाजावर बोट ठेवून म्हणाला, "हे भारी."

"भारी," तंतू म्हणाली.

सरांनी त्याला जागेवर जा म्हटलं नाही. ते स्वतःच पुढे वाकले होते. "हे माशांचं बघा, काय कोरलंय!"

झाकणं बघून झाली, धडा संपला, चाळीस मिनिटं झाली. सरांनी टेबलाच्या खणातून पत्र काढलं आणि मांडीवर ठेवून तिथल्या तिथे सही केली. जुना अहवाल माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच ठेवा. किंवा फाडा. तुमच्या मनाला येईल ते करा." बाहेर ताईनं काचेतून सही होताना बघितली आणि ती तिथून दिसेनाशी झाली. रडायला लागली की ती लोकांसमोर थांबत नाही.

"चल तंतू," मी म्हटलं. "झालं. जिंकलीस."

तंतू हलली नाही.

"चल बाळा, संपलं आजचं," सर म्हणाले.

तिनं मान हलवली. नाही. चव्वेचाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. बाकीची मुलं दप्तरं घेऊन निघाली. तंतू हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, स्क्रीनकडे बघत बसलेली. शेवटी तिनं बोट उचलून दाखवलं. आम्ही तिघं वाकलो.

'हा धडा संपला. पुढचा धडा दिसेपर्यंत खुर्चीवर बसून राहा.'

शेवटचा धडा. त्याच्यापुढे धडाच नव्हता. आणि ते छान वाक्य मी त्यालाही चिकटवलं होतं.

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आधी मॅडम हसली, मग सर. आणि सर हसले ते असे की त्यांना डोळे पुसावे लागले. "बाई, आता ही इथेच राहायला आली की! तज्ज्ञांना बोलावू का?"

"बोलवा," मी म्हटलं. "नाहीतर तुम्हीच बघा जमतंय का."

"सरका."

मी फाइल उघडून दिली आणि सरकले. सर दोन बोटांनी टाइप करतात. एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, ओठ हलवत वाचली, पुन्हा खोडली. पलीकडची रिकामी खुर्ची ओढून मॅडम बघत बसली. पाच मिनिटांनी त्यांनी हात वर केला आणि मी पान नव्यानं लावलं.

'आजचे सगळे धडे संपले. आता खुर्चीवरून ऊठ. दार उघड. आईकडे जा.'

"चालेल?" सरांनी तंतूला विचारलं. खालच्या आवाजात, निकाल ऐकायला उभा असलेल्या मुलासारखं.

तंतूनं एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"चालेल," ती म्हणाली.

ती उठली. खुर्ची आत सरकवली. दाराशी जाऊन दार उघडलं आणि व्हरांड्यात गेली. वॉचमन तयारच होता. त्यानं दोन्ही हात पसरले. "अरे अरे अरे, पळाली! सर, पळाली!"

"अडवू नकोस तिला!" सर खुर्चीतूनच ओरडले. "जाऊ दे. मीच सांगितलंय."

वॉचमन हात तसेच पसरून बाजूला झाला. व्हरांड्याच्या टोकाला नळ आहे. तिथे ताई तोंड धूत होती. पाठमोरी, डोळे पाण्याखाली, कुणी येतंय याचा तिला पत्ताच नव्हता. तंतू चालत गेली, नेमकी तिच्या मागे जाऊन थांबली आणि ताईनं वळून बघेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"आई," तंतू म्हणाली, "आले."